फ्रुइशन: फळ आधी की भोग आधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑफिसच्या अहवालात तुम्ही लिहिलंत, 'आफ्टर टेन इयर्स द प्रोजेक्ट केम टू फ्रुइशन', आणि त्याच्या मराठी प्रतीत 'दहा वर्षांनी प्रकल्प फळाला आला'. त्यावर एका सहकाऱ्याने दोन हरकती काढल्या. 'फ्रुइशन'चा 'फ्रूट'शी काही संबंध नाही, म्हणून मराठीत फळ आणणं चूक, ही पहिली. आणि मुळात इंग्रजी वाक्यच चूक, कारण फ्रुइशन म्हणजे उपभोग, पूर्तता नव्हे, ही दुसरी. यात खरं काय, असं तुम्ही विचारलं आहे.

सहकारी अर्धे बरोबर आहेत, आणि पंचाईत तिथेच आहे. साफ चुकलेल्या माणसाला कोश उघडून दाखवला की काम भागतं. या गृहस्थांनी कोश उघडूनच हरकत काढलेली दिसते. मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी–मराठी भाषांतर करतो आहे, त्यातलं निम्मं कोर्टकचेरीच्या कागदांचं. या शब्दाने मला स्वतःला एकदा तोंडघशी पाडलं आहे. ते पुढे सांगतोच.

आधी उच्चार ऐका. 'फ्रूट' म्हणताना त्यातला 'आय' आपण गिळतो. 'फ्रुइशन' म्हणताना तोच 'आय' स्पष्ट 'इ' होतो आणि सगळा जोर त्याच्यावर पडतो: फ्रू-इ-शन. पुष्कळ जण 'फ्रूटिशन' किंवा 'फ्रूशन' म्हणतात, ते फळ डोळ्यांसमोर ठेवून म्हटल्यामुळे. पण हा शब्द 'फ्रूट'ला शेपूट जोडून बनलेलाच नाही.

तो आला लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'फ्रुई' असं क्रियापद आहे. अर्थ, एखाद्या गोष्टीचा आनंद घेणं, ती भोगणं. त्यावरून पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये 'फ्रुइटिओ' हे नाम झालं, ते जुन्या फ्रेंचमधून पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत उतरलं. तेव्हा त्याचा अर्थ एकच होता: उपभोग, हाती असलेल्या गोष्टीचं सुख. पूर्तता नाही, फळ तर नाहीच. इथपर्यंत तुमच्या सहकाऱ्यांना शंभर गुण.

पण त्याच 'फ्रुई'वरून लॅटिनमध्ये आणखी एक नाम झालं, 'फ्रुक्टुस'. त्याचा मूळ अर्थ उपभोग. मग ज्याचा उपभोग घ्यायचा ते, म्हणजे जमिनीचं उत्पन्न, जनावराची वीण. आणि मग झाडाचं फळ. हा 'फ्रुक्टुस' फ्रेंचमधून येताना झिजून 'फ्रूट' झाला. म्हणजे फ्रुइशन हे फ्रूटचं मूल नव्हे, पण बहीण नक्की आहे. दोघींची आई 'फ्रुई'. त्यामुळे 'काही संबंध नाही' हे बोलणंही टिकत नाही. गंमत अशी की फळावरून उपभोग आलेला नसून उपभोगावरून फळ आलं आहे. रोमन माणसाच्या लेखी फळ म्हणजे भोगायची वस्तू.

हे नुसतं व्युत्पत्तीचं चऱ्हाट नाही. रोमन कायद्यातला एक हक्कच या 'फ्रुक्टुस'वर उभा आहे. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू, तिच्या मूळ स्वरूपाला धक्का न लावता, वापरण्याचा आणि तिचं उत्पन्न खाण्याचा हक्क म्हणजे 'ऊसुस-फ्रुक्टुस': ऊसुस म्हणजे वापर, फ्रुक्टुस म्हणजे उत्पन्नाचा भोग. इंग्रजीत तो 'यूझुफ्रक्ट' झाला. रोमन कायदेपंडितांत यावर रंगलेले वाद वाचण्यासारखे आहेत. कळपाची कोकरं, करडं, वासरं ही 'फ्रुक्टुस', ती भोगणाऱ्याची, यावर मतभेद नव्हता. पण गुलाम स्त्रीला झालेलं मूल? ते फ्रुक्टुस नाही, असा निर्णय झाला. कारण असं दिलं की निसर्गाने सगळी 'फळं' माणसासाठी निर्माण केली आहेत, मग माणसालाच फळात मोजणं विचित्र. मात्र म्हणून ते मूल स्वतंत्र होत नसे. ते मूळ मालकाचं होई. युक्तिवाद उदात्त, निकाल मालकाच्या पथ्यावर. कोर्टाच्या कागदांत आयुष्य गेल्यामुळे मला याचं नवल वाटत नाही.

आपल्याकडे हा शब्द रोज वापरात आहे, फक्त ओळखू येत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ मध्ये गहाणाचे प्रकार सांगितले आहेत, त्यातला एक 'यूझुफ्रक्चुअरी मॉर्गेज'. जमीन सावकाराच्या ताब्यात द्यायची. तिचं उत्पन्न त्याने व्याजापोटी, मुदलापोटी किंवा दोन्हींपोटी खायचं. पैसे फिटले की जमीन परत. बोलण्यात आपण त्याला ताबेगहाण म्हणतो, कायद्याच्या मराठीत फलोपभोग गहाण. 'फलोपभोग' हा शब्द घडवणाऱ्याला मी मनोमन नमस्कार करतो: 'फ्रुक्टुस'च्या पोटातले फळ आणि भोग हे दोन्ही अर्थ त्याने एका शब्दात बसवले. आणि हे त्याला नव्याने शोधावं लागलं नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत गहाणाच्या प्रकरणात 'फलभोग्यो न नश्यति' असं आहे. मुदतीचं गहाण मुदत संपली की बुडतं, पण ज्याचं फळ सावकार भोगतो आहे ते गहाण कधी बुडत नाही, ते सोडवण्याचा हक्क राहतोच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेही ताबेगहाणाबाबत हेच धरलं, की निव्वळ तीस वर्षं उलटली म्हणून मूळ मालकाचा जमीन सोडवण्याचा हक्क संपत नाही. गोव्याचे दस्तऐवज हाताळणाऱ्यांना तर पोर्तुगीज 'उझुफ्रुतु' पाठच असतो. आईवडील घर मुलांच्या नावावर करतात आणि हयातभर राहण्याचा, भाडं घेण्याचा हक्क स्वतःकडे ठेवतात, तोच हा. आणि आपला सातबारा? त्यावर जमीनधारकाला काय म्हटलंय, पाहा: भोगवटादार.

कायद्याने हा शब्द जमिनीवर ठेवला, धर्माने त्याला आभाळात नेलं. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टिनने 'वापरणं' आणि 'भोगणं' यांत ठाम रेघ ओढली. एखाद्या गोष्टीला तिच्यासाठीच प्रेमाने बिलगून राहणं म्हणजे 'फ्रुई'. दुसरं काही मिळवायला ती साधन म्हणून घेणं म्हणजे 'ऊटी', वापर. त्याच्या मते फ्रुई करण्याजोगा फक्त देव, बाकी सगळं वापरायचं. मध्ययुगातल्या मठांत आणि विद्यापीठांत हा भेद शतकानुशतकं घोटला गेला. म्हणून इंग्रजीत फ्रुइशन आलं ते धर्माच्या वाटेने. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात ६ जानेवारीच्या सणाची जी प्रार्थना आहे, तिच्यात मागणं हेच आहे: आज तुला श्रद्धेने जाणणाऱ्या आम्हांला या जन्मानंतर तुझ्या तेजोमय ईश्वरत्वाचं 'फ्रुइशन' लाभो. इथे 'फलप्राप्ती' लिहून पाहा, वाक्य मरून पडतं. 'सुख भोगू दे' किंवा वारकरी वळणाने 'तुझ्या स्वरूपाचा सोहळा भोगू दे' म्हणा, तर जिवंत होतं.

मग शब्द आभाळातून परत खाली आला, तो थेट राजवाड्यात. मार्लो या नाटककाराने आपल्या तैमूरलंगावर नाटक लिहिलं, ते १५९० मध्ये छापलं गेलं. त्यात तैमूर म्हणतो, माणसाचं परमसुख कोणतं, तर 'द स्वीट फ्रुइशन ऑफ अॅन अर्थली क्राउन', या पृथ्वीवरच्या राजमुकुटाचा गोड उपभोग. ज्या शब्दाने देव भोगायचा, त्याच शब्दाने हा गडी मुकुट मागतो. त्या काळच्या प्रेक्षकांच्या कानाला ते खटकलं असणारच, आणि मला वाटतं खटकावं म्हणूनच ते लिहिलं आहे.

आता माझी फजिती. सुरुवातीच्या वर्षांत एका संकलनासाठी शेक्सपिअरच्या 'सहावा हेन्री' या नाटकाच्या पहिल्या भागातले काही उतारे मी मराठीत केले. त्यात तरुण राजा दुसऱ्याच्या तोंडून मार्गारेटचं वर्णन ऐकतो आणि म्हणतो की मी एक तर जहाज फुटून बुडेन, नाहीतर तिथे पोचेन जिथे मला तिच्या प्रेमाचं 'फ्रुइशन' मिळेल. मी बिनदिक्कत लिहिलं, 'जिथे मला तिच्या प्रेमाचं फळ मिळेल'. संपादकांचा फोन आला: "अहो, राजाने तिला अजून पाहिलीही नाही, आणि तुम्ही पाळणा कसला बांधताय?" मराठीत प्रेमाचं फळ म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं, पण 'फ्रूट' डोळ्यांत भरल्यामुळे कान बंद झाले होते. तिथे हवं होतं साधं 'तिच्या प्रेमाचं सुख'.

मग फ्रुइशनचा अर्थ 'पूर्ण होणं' केव्हा झाला? १८८० च्या दशकात 'फळ धरणं' हा अर्थ लेखी दिसू लागतो, आणि लगेचच 'योजना फळाला येणं' हाही. 'केम टू फ्रुइशन' ही आज सर्वांच्या तोंडी असलेली जोडी त्यानंतरची. कारण उघड आहे. 'फ्रुई' माहीत असणारे किती, आणि 'फ्रूट' रोज खाणारे किती? लोकांनी शब्दात फळ पाहिलं आणि अर्थ त्या बाजूला ओढला. कोशकारांनी याला चुकीच्या साम्यातून आलेला अर्थ म्हटलं, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरं आहे.

पण ही 'चूक' एकोणिसाव्या शतकातल्या अडाण्यांची, असं कुणी म्हणालं तर त्याला तेराव्या शतकातल्या थॉमस अॅक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाकडे पाठवा. 'फ्रुइटिओ'वर त्याने अख्खं प्रकरण लिहिलं आहे आणि सुरुवातच व्युत्पत्तीने केली आहे. तो म्हणतो, फ्रुइटिओ आणि फ्रुक्टुस एकाच गोष्टीशी जोडलेले आहेत, एकावरून दुसरा आला असावा. आणि माणसाला डोळ्यांना दिसणारं आधी उमगतं, म्हणून दिसणाऱ्या फळावरून 'फ्रुइटिओ' हे नाव पडलं असावं. झाडाचं फळ म्हणजे झाडाकडून अपेक्षित असलेली शेवटची गोष्ट, आणि ती गोड लागते. तसंच जे अंती मिळवायचं होतं ते मिळाल्याचा आनंद म्हणजे फ्रुइटिओ. लॅटिन जगणाऱ्या माणसाने सहाशे वर्षं आधी तेच केलं होतं, फक्त जास्त ऐटीत. त्याच प्रकरणात त्याने असंही विचारलं आहे की भोग हाती आलेल्याचाच घेता येतो की काय? त्याचं उत्तर: पुरता भोग हाती आलेल्याचाच, पण मनाने धरलेल्याचाही अपुरा भोग असतोच. 'पूर्तता' हा आजचा अर्थ इथे दारात उभा आहे, असं मला तरी दिसतं.

या कुळातला आणखी एक शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या आदिम धातूवरून 'फ्रुई' आलं, त्याचीच जर्मानिक बाजूची शाखा म्हणजे इंग्रजीतलं 'ब्रुक' हे क्रियापद. ओढा या अर्थाचं नव्हे, 'ही विल ब्रुक नो डिले' मधलं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता वापरणं, भोगणं. आज त्याचा अर्थ आहे सोसणं, खपवून घेणं, आणि तेही बहुधा नकारातच. भोगण्यावरून सोसणं कसं झालं, असं इंग्रजांना समजावून सांगावं लागतं. आपल्याला नाही. 'राज्य भोगलं' आणि 'हाल भोगले' या दोन्हींना आपलं क्रियापद एकच. 'आलिया भोगासी असावे सादर' म्हणताना तुकोबांच्या मनात मेजवानी नव्हती. आपला 'भुज्' धातू मात्र 'फ्रुई'चा सख्खा नव्हे. अनेक भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं जोडतात ते लॅटिन 'फुंगोर'शी, ज्यावरून 'फंक्शन' आलं. म्हणजे लग्नाच्या हॉलमधल्या 'फंक्शन'ला जाऊन आपण जो भोग घेतो तो जुन्या भाऊबंदकीतलाच.

आता मराठीकडे. 'फ्रुइशन' ऐकल्यावर आपल्याला लगेच फळ सुचतं त्याला इंग्रजांपेक्षा मोठं कारण आहे. संस्कृतच्या धातुपाठात 'फल' धातूचा अर्थ दिला आहे 'निष्पत्तौ': सिद्ध होणं, पूर्ण होणं. (दुसऱ्या एका 'फल'चा अर्थ फुटणं, उकलणं.) म्हणजे लॅटिनमध्ये फळ भोगातून आलं, तर आपल्याकडे वैयाकरणांनी ते पूर्ततेतून आणलं. म्हणून सफल, निष्फळ, फलित, फलद्रूप, फळाला येणे या सगळ्यांत पूर्ततेचा अर्थ उसना नाही, घरचा आहे. इंग्रजीला जे वळण एकोणिसाव्या शतकात घ्यावं लागलं, तिथे आपण आधीपासून बसलेलो होतो.

आणि शब्दाने वळण घेतलं म्हणून इंग्रजांना हसायचं तर आपली 'फलश्रुती' आहेच. स्तोत्राच्या शेवटी 'हे जो म्हणेल त्याला अमुक मिळेल' असं सांगणारा भाग म्हणजे फलश्रुती. फळाचं कथन, फळ नव्हे. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करताना ती फक्त शेवटच्या आवर्तनाला म्हणतात. शेवटी येते म्हणूनच की काय, वर्तमानपत्रांत 'बैठकीची फलश्रुती काय?' म्हणजे निष्पन्न काय झालं, असा अर्थ रूढ झाला. मी पूर्वी अशा ठिकाणी लाल रेघ मारत असे. आता मारत नाही. वाचणाऱ्याला नेमकं कळतं, मग मी कोण रेघ मारणारा?

तर, तुमचं इंग्रजी वाक्य बरोबर आहे. आजच्या इंग्रजीत 'केम टू फ्रुइशन' याला कुणीही चूक म्हणणार नाही. सहकाऱ्यांची गफलत कुठे झाली असेल, याचा माझा अंदाज: त्यांनी मेरियम-वेबस्टर उघडला असेल. त्यात 'उपभोग' हा अर्थ पहिल्या क्रमांकावर दिसतो. पण तो कोश अर्थ लावतो ते कालक्रमाने, जुना आधी. पहिला म्हणजे मुख्य, असं तिथे नाही. मुलांना कोश वापरायला शिकवताना ही गोष्ट कुणी सांगत नाही.

मराठी वाक्याबद्दल मात्र माझी हरकत आहे, आणि ती सहकाऱ्यांच्या हरकतीहून वेगळी आहे. इंग्रजीत 'बेअर फ्रूट' आणि 'कम टू फ्रुइशन' या दोन गोष्टी आहेत. उड्डाणपूल बांधून खुला झाला, की प्रकल्प 'फ्रुइशन'ला आला. त्यानंतर चौकातली कोंडी सुटली, तर त्याने 'फ्रूट' धरलं. पूल झाला आणि कोंडी पुढच्या चौकात सरकली, तर फ्रुइशन आहे, फळ नाही. अशी उदाहरणं तुमच्या शहरातही असतील. मराठीत 'प्रकल्प फळाला आला' म्हटलं की वाचणारा दुसरा अर्थ घेतो: त्याचा फायदा दिसू लागला. तुमचा प्रकल्प नुसता पुरा झाला असेल तर ते वाक्य जास्तीचा दावा करतं, आणि अहवालात जास्तीचा दावा अंगाशी येतो. कोकण रेल्वेचं महामंडळ १९९० मध्ये झालं आणि जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग सुरू झाला. तेव्हा स्वप्न 'साकार झालं', काम 'तडीस गेलं'. फळाला आलं की नाही, हे गणपतीत उभ्याने प्रवास करणाऱ्या चाकरमान्याला विचारावं लागेल.

म्हणून माझी सवय सांगतो. योजना, इमारत, करार यांच्या बाबतीत 'तडीस गेला', 'प्रत्यक्षात आला', 'पूर्णत्वास गेला'. स्वप्न, कल्पना असेल तर 'साकार झाली'. प्रयत्न, तपश्चर्या, वाटाघाटी असतील आणि परिणामही हाती आला असेल, तर 'फळाला आल्या', 'फलद्रूप झाल्या'. १८८० पूर्वीचं इंग्रजी असेल, प्रार्थना, कविता किंवा मृत्युपत्र, तर हात आखडता घ्यायचा आणि आधी 'भोग', 'उपभोग', 'सुख' लावून पाहायचं. आणि आंब्याला मोहोरानंतर फळ धरलं तर इंग्रजीत 'फ्रुइशन' लिहू नका. अर्थ कोशात आहे, पण तिथे सगळे 'फ्रूटिंग' म्हणतात.

'फुलफिलमेंट' वापरू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंत. त्यातलं 'फुलफिल' अस्सल जुन्या इंग्रजीतलं, 'फुल' आणि 'फिल' म्हणजे भरलेलं आणि भरणं, एकच गोष्ट दोनदा. नवस, अट, वचन, ऑर्डर यांचं फुलफिलमेंट होतं. आधी रिकामी जागा असते, ती भरते. भिवंडीच्या गोदामांवर तो शब्द रंगवलेला असतो तो याच अर्थाने. प्रकल्पाला तो जुळत नाही.

तेव्हा इंग्रजी वाक्य तसंच ठेवा आणि मराठीत लिहा, 'दहा वर्षांनी प्रकल्प तडीस गेला'. लाभार्थींचे आकडे हाती आले की पुढच्या अहवालात 'फळाला आला' लिहायला मोकळे आहात.